संशोधनाचा वाचक
(चंदीगड येथे तरुण प्राध्यापकांसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे प्रबंध पूर्ण झाले आहेत. काही शोधनिबंध छापूनही आले आहेत. अशा वेळी स्वतःला एक प्रश्न विचारणे योग्य ठरेल : आपण जे लिहिले ते कोणी वाचले काय? पुष्कळांना हा प्रश्न काहीसा अप्रशस्त वाटतो. काम करावे, प्रसिद्धीच्या मागे लागू नये, अशी आपली जुनी शिकवण आहे, आणि ती चुकीची नाही. तथापि संशोधकाची प्रसिद्धी आणि संशोधनाची उपलब्धता या दोन भिन्न गोष्टी होत. मला बोलावयाचे आहे ते दुसरीविषयी.

समजा, आपल्यापैकी कोणी पंजाबच्या मालवा भागातील भूजलाचे परीक्षण केले. त्यासाठी पैसा सरकारने दिला, म्हणजे जनतेने दिला. निष्कर्ष एका महागड्या परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथील आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ते मिळत नाहीत, सरपंचाला त्यांची वार्ताही नसते. ज्या शेतकऱ्याने आपल्या कूपनलिकेचे पाणी बाटलीत भरून दिले, त्यालाच त्या पाण्यात काय आढळले हे कळत नाही. त्या संशोधनाने संशोधकाला बढती दिली. पाण्याच्या मालकाला काहीच दिले नाही.

हा प्रश्न नवा नाही. पंजाब विद्यापीठ १८८२ मध्ये लाहोर येथे स्थापन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याच शहरात पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट ही संस्था उभी राहिली. तिच्या वतीने रुचिराम साहनी यांनी पंजाबी भाषेत विज्ञानावर व्याख्याने दिली. साबण कसा तयार होतो, शुद्ध व अशुद्ध हवा म्हणजे काय, विजेच्या साहाय्याने मुलामा कसा देतात, असे त्यांचे विषय असत. प्रयोगही करून दाखविले जात. ज्ञान लोकांपर्यंत न्यावयाचे तर ते लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या गरजेला धरून न्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९४७ च्या फाळणीत लाहोर दुरावले आणि विद्यापीठाला काही वर्षे विखुरलेल्या ठिकाणांहून काम चालवून अखेर चंदीगडला यावे लागले. इमारती मागे राहिल्या. ही परंपरा मात्र आपल्याबरोबर आली, असे मला मानावेसे वाटते.

आज साधन बदलले आहे. ज्या आंतरजालाचा आपण दररोज उपयोग करतो, ते वर्ल्ड वाइड वेब मुळात संशोधकांच्याच गरजेतून जन्मले. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत त्याची योजना मांडली. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे सहज मिळावीत, हा तिचा हेतू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याच सर्नमधील सीएमएस प्रयोगात पंजाब विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग सहभागी आहे.

याच शहरातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. तेथे डॉ. गजेंद्र पाल सिंह राघव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘प्रोप्रेड’ नावाची संगणकीय सेवा प्रसिद्ध केली. एखाद्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम तिला दिला असता, त्यातील कोणता भाग आपल्या प्रतिकारयंत्रणेतील विशिष्ट रेणूंशी जोडला जाण्याचा संभव आहे, हे ती वर्तविते. लसींच्या संशोधनात याचा उपयोग होतो. ही सेवा आंतरजालावर कोणालाही विनामूल्य वापरता येत असे. त्यानंतरही त्यांच्या गटाने अशा अनेक सेवा खुल्या केल्या. २००८ मध्ये डॉ. राघव यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, त्यांनी केवळ निष्कर्ष सांगितला नाही. इतरांना हाताळता येईल असे अवजारच पुढे ठेवले. जे वापरता येते ते वेगळी जाहिरात न करताही माहीत होते.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. ‘एच. कौर’ किंवा ‘आर. शर्मा’ या नावाने लिहिणारे संशोधक आपल्या प्रांतात किती असतील याची कल्पना करा. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे निम्मे काम तर हरवल्यासारखेच होते. २०१२ पासून ‘ऑर्किड’ या व्यवस्थेत प्रत्येक संशोधकास सोळा अंकी क्रमांक विनामूल्य मिळतो. तो घ्यावा आणि प्रत्येक निबंधावर द्यावा.

दुसरी गोष्ट प्रतीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात सर्वांसाठी ठेवण्याची व्यवस्था झाली. निबंधांचेही तसेच करावे. स्वीकृत झालेल्या हस्तलिखिताची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवण्यास बहुतेक प्रकाशक काही अटींवर परवानगी देतात. त्या अटी वाचाव्यात. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने शासकीय संस्थांतील वाचकांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण संस्थेच्या दाराबाहेरचा वाचक त्यात येत नाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके आपणा सर्वांना पत्रे पाठवितात. २०१८ मध्ये पुण्यातील संशोधकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेल्या आणि प्रमुख सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतील, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. अशा ठिकाणी छापलेला निबंध दिसतो खरा. परंतु दिसून तो आपल्या नावाला बट्टाच लावतो.

चौथी गोष्ट भाषेची. प्रत्येक निबंधाबरोबर एक पानभर सोपा सारांश पंजाबीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या मातृभाषेत लिहावा. हे काम हलके समजू नये. जी गोष्ट आपल्या आईच्या भाषेत सांगता येत नाही, ती आपल्याला पुरती समजली आहे काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

आपले निबंध किती जणांनी उद्धृत केले याची मोजदाद आज यंत्रे करतात, आणि त्या आकड्यांवर नेमणुकाही ठरतात. त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणणार नाही. आपल्याला संसार आहेत. पण बाटलीत पाणी भरून देणाऱ्या त्या शेतकऱ्याची गणती कोणत्याही यंत्रात होत नाही. त्याच्या हाती आपला एक पानाचा सारांश पडला, आणि ते पाणी मुलांना पाजावे की नाही हे त्याला ठरविता आले, तर आपल्या संशोधनाला त्याचा खरा वाचक मिळाला असे समजावे.