मूळपुरुषाचा शोध



आजच्या व्याख्यानाचे नाव जरा भारदस्त वाटेल. विषय मात्र घरातला आहे. आपले घराणे या भागात केव्हा आले, कोठून आले आणि पहिला कोण आला, एवढाच तो प्रश्न. कोणत्याही घरी विचारून पाहा, उत्तरे दोनच तऱ्हेची मिळतात. एक तर पणजोबांच्या पलीकडे कुणाला काही ठाऊक नसते. नाहीतर एकदम एखाद्या राजाचे नाव सांगितले जाते. पणजोबा आणि राजा यांच्यामधल्या शेकडो वर्षांत कोण जगले, कोण मेले, कुणी कोणते रान तोडले, याचा पत्ता नसतो. त्या मोकळ्या जागेविषयी आज बोलायचे आहे.

पूर्वी ही हौसेची गोष्ट होती. आता ती निकडीची झाली आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर कुणाला १९५० पूर्वीचा कागद लागतो, कुणाला १९६७ पूर्वीचा. मुलाचा प्रवेश अडला म्हणजे पणजोबा आठवतो, असा आजचा प्रकार आहे. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा एकाएकी भाव वाढला. कारण कोणतेही असो, माणसे जुने कागद पाहू लागली. पण गरजेपुरता कागद सापडला की शोध थांबतो, आणि राजाची गोष्ट होती तशीच राहते.

थोडे दूरचे उदाहरण आधी घेऊ. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशातून क्वेकर पंथ निघाला. स्वतःला ते ‘मित्र’ म्हणवत. धर्मगुरू नको, शपथ नको, शस्त्र नको, असा त्यांचा बाणा. त्यापायी हजारो जण तुरुंगात गेले. हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. नर्मदेकाठी होशंगाबादेजवळ रसूलियाला त्यांचे केंद्र होते, आणि त्यांच्यातल्या मार्जोरी साइक्स सेवाग्रामला राहिल्या होत्या. या पंथातल्या विल्यम पेनला १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांताची सनद मिळाली. त्याने जाहिराती देऊन वसाहतकरी बोलावले, आणि १६८२ पासून जहाजे भरभरून माणसे तेथे उतरू लागली.

आज अमेरिकेत ज्याला आपला पहिला पूर्वज शोधायचा आहे, त्याचा पूर्वज क्वेकर निघाला तर तो स्वतःला भाग्यवान समजतो. या पंथाची प्रत्येक सभा जन्म, लग्न आणि मृत्यू यांची वही ठेवी. एका गावची सभा सोडून माणूस दुसऱ्या गावी निघाला तर आधीची सभा त्याला पत्र देई, आणि नव्या सभेच्या वहीत त्याची नोंद होई. त्या पत्रांच्या मागोव्याने कुटुंब कोणत्या साली कोठून कोठे गेले ते पावलागणिक कळते. मात्र त्या वह्यांत एक खोच आहे. महिन्यांची रूढ नावे मूर्तिपूजकांच्या देवांवरून पडलेली, म्हणून क्वेकर ती लिहीत नसत. ‘दुसरा महिना’, ‘तिसरा महिना’ असे लिहीत. आणि १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष मार्चात सुरू होई. म्हणजे त्या काळचा ‘दुसरा महिना’ फेब्रुवारी नव्हे, एप्रिल. हे न कळल्यामुळे लेकराचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी लावून मोकळे झालेले संशोधक थोडे नसतील!

पण जेथे वही हाताशी नाही तेथे काय होते, ते अब्राहम लिंकन याच्या घराण्यात दिसते. १८५९ साली त्याने आपली थोडक्यात हकीकत लिहून दिली. तीत पूर्वज क्वेकर होते आणि पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात गेले, एवढेच त्याला सांगता आले. न्यू इंग्लंडमधल्या लिंकनांशी नाते जुळते का, हे कुणी पाहिले होते. पण काही नावांच्या सारखेपणापलीकडे हाती काही लागले नाही, असेही त्याने प्रांजळपणे लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर संशोधकांनी खेड्यापाड्यांची दप्तरे उलगडली आणि ते नाते खरे ठरले. इंग्लंडातल्या हिंगमहून १६३७ साली मॅसॅच्युसेट्‌सला आलेला सॅम्युएल लिंकन हा मूळपुरुष निघाला. अब्राहम त्याच्यापासून सातव्या पिढीचा. घरची आठवण पेनसिल्व्हेनियापर्यंत बरोबर होती, त्यामागे ती तुटली होती. जाता जाता सांगतो, आपल्या शाळांत लिंकनचे म्हणून हेडमास्तरांना लिहिलेले जे पत्र भिंतीवर टांगलेले असते, ते त्याच्या कागदपत्रांत कोठेच नाही. मोठ्या नावाला गोष्टी चिकटतात त्या अशा.

आता वैनगंगेकडे वळू. पेनच्याच काळात आपल्या बाजूला एक राजा अगदी तेच काम करीत होता, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले, आणि आपल्या राज्यात कष्टाळू शेतकरी व कारागीर बाहेरून आणून बसवले. तुमसरजवळचा आंबागडचा किल्ला त्याच्याच अमदानीतला. पुढे भोसल्यांच्या राज्यातही पडीत रान मोडून गाव बसवणाऱ्याला जमीन देण्याची चाल होती. म्हणजे या खोऱ्यातली पुष्कळ घराणी बोलावून आणलेली, निदान येऊन वसलेली आहेत. काही विणकर आले. चौंडेश्वरी ही देवांग कोष्ट्यांची कुलस्वामिनी, आणि आपल्या मोहाडीत तिचे ठाणे आहे. पूर्वेकडे कोहळी आले, तलाव बांधण्याच्या बोलीवर जमिनी घेऊन. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने बांधला असे सांगतात. लोकांनी पुढे त्याला कोलासुर म्हणून देवच केले. मूळपुरुषाचा देव होणे ही त्याची वंशावळ हरवण्याची आणखी एक रीत आहे.

आम्ही आज विशेष बोलणार ते पोवारांविषयी, कारण त्यांच्या गोष्टीत या शोधाचे सगळे पेच एका ठिकाणी सापडतात. पोवार घरात विचारा, उत्तर येईल की आम्ही धारचे, राजा भोजाचे. १८६७ साली लॉरेन्सने भंडाऱ्याच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, त्यात हीच परंपरा थोड्या तपशिलाने नोंदली आहे. मंडळी माळव्यातून निघाली, औरंगजेबाच्या काळात रामटेकजवळ नगरधनला वसली, तेथून आंबागड-चांदपूरकडे पसरली, चिमणाजी भोसल्यांबरोबर कटकच्या मोहिमेवर गेली आणि त्या चाकरीबद्दल तिला वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या. या हकीकतीचा मागचा अर्धा भाग, म्हणजे नगरधनपासून पुढचा, आम्हांला भरवशाचा वाटतो. अहवाल लिहिला गेला तेव्हा त्या मोहिमेला शंभर वर्षेही झाली नव्हती. सांगणाऱ्यांचे आजे-पणजे तीत गेलेले असणार.

पुढचा अर्धा भाग, नगरधनपासून मागे धारपर्यंतचा, तपासून घ्यावा लागतो. भोज अकराव्या शतकातला. तेथपासून आजपर्यंत हजार वर्षे. पिढीला पंचवीस-सत्तावीस वर्षे धरली तर सदतीस ते चाळीस पिढ्या. घरातल्या वंशावळीत नावे मोजा. बहुतेक घरी आठ-दहा भरतात. दहा नावे म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वर्षे, म्हणजे पहिला रघूजी भोसला. वंशावळ आपल्याला भोसल्यांच्या दारापर्यंत नेऊन सोडते, भोजाच्या नव्हे.

दुसरी गोष्ट कुरांची. पोवारांची छत्तीस कुरे सांगतात. त्यांत टेंभरे, रहांगडाले, पटले, कटरे, बोपचे, तुरकर अशी नावे आहेत, तशीच चौहान, परिहार, बघेले, बिसेन हीही आहेत. ही तर दुसऱ्या राजपूत घराण्यांची नावे! सगळेच परमार भोजाचे वंशज असते तर त्यांत चौहान आणि परिहार कोठून आले? आम्हांला असे दिसते की निरनिराळ्या घरांची माणसे बरोबर निघाली, बरोबर लढली, बरोबर जमीन कसू लागली आणि त्यातून एक समाज घडला. आमच्या मते हे एका राजाच्या पोटी येण्यापेक्षा मोठे कर्तृत्व आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. ग्रियर्सनने भारताच्या भाषापाहणीत पोवारी बोलीला पूर्वी हिंदीच्या बघेली गटात बसवले. माळवी राजस्थानीकडची, तिच्यात नव्हे. माळव्यातून थेट येणाऱ्यांच्या तोंडी बघेलीचे वळण कसे, हा प्रश्न मग सुटत नाही, वाटेत पुष्कळ काळ उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे मुक्काम झाला असे मानल्याशिवाय. म्हातारी आजी चुलीपाशी जे बोलते तो असा दस्तऐवज आहे, आणि तो तिच्याबरोबर जातो.

याचा अर्थ धारची गोष्ट निव्वळ कल्पित, असे मात्र आम्ही म्हणत नाही. माळव्याच्या परमारांचा १९६१ चा नव्हे, विक्रम संवत् ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५ चा मोठा शिलालेख नागपुरास आहे. परमारांचा विदर्भाशी संबंध होता खास. पण राजाचा संबंध निराळा आणि आपल्या घराचा निराळा. मधले दुवे नसताना दोन टोके बांधायची नाहीत, हे लिंकनला साधले ते आपल्यालाही साधले पाहिजे.

मग शोधायचे कसे? राजापासून खाली उतरू नये, आपल्यापासून वर चढावे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर घ्या. मग कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर नेई. अनेक घराण्यांना आज आपला पणजोबा भेटतो तो या गरीब माणसाच्या पायपिटीमुळे. मालगुजारी १९५१ साली गेली. त्यानंतरचे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहा, आणि तेथून मागे जुन्या बंदोबस्ताच्या मिसली. त्यांत मालगुजार आहेत, कुळे आहेत, शेतांची नावे आहेत. त्याच्याही मागे मोडी कागद आणि तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांच्या वह्या.

येथे क्वेकरांच्या महिन्यासारखीच आपली खोच भेटते. कागदावर शक असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा. मराठी दप्तरातला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. फसली सनाला दक्षिणेत ५९० मिळवतात, उत्तरेत ५९२ किंवा ५९३. आणि आपला मुलूख दोन्हींच्या सीमेवर. दोन-अडीच वर्षांनी काय बिघडते, असे वाटेल. बिघडते ते असे की आजोबाचेच नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल. साल चुकले की आजोबाच्या जागी नातू बसतो आणि एक पिढी गडप होते.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. आपल्या वंशावळीत बाया नसतात. मुलगी लग्न होऊन गेली की तिचे नाव गेले. सून आली की सासरी तिचे नावच बदलले. क्वेकरांच्या लग्नपत्रावर मांडवातले सगळे जण सह्या करीत, त्यात बायकाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या सह्या आज वाचता येतात. आपल्याकडे तशा सह्या नाहीत, पण आठवण आहे. पुरुषाला आजाचे नाव माहीत असते. बाईला आजीचे माहेर माहीत असते. घरातल्या आजी, पणजी, चुलत आज्या यांची माहेरे कागदावर मांडून पाहा. सोयरिकी जवळपास होतात. जितकी पिढी जुनी, तितके माहेर घराणे जेथून सरकत आले त्या दिशेला झुकलेले सापडण्याचा संभव फार. बंदोबस्ताच्या कागदात जे नाही ते या माहेरांच्या नकाशात मिळू शकते.

आणि एक गोष्ट, जी सांगताना थोडे अवघड वाटते. ‘पहिला आलेला’ म्हणतो तो खरोखर पहिला असतो काय? पेनने पेनसिल्व्हेनियात पाय ठेवला तेव्हा तेथे लेनापी लोक होते. पेनने त्यांच्याशी सचोटीने करार केले असा त्याचा लौकिक आहे. पण १७३७ साली त्याच्याच मुलांनी एक माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन, असा जुना करार पुढे करून, वेगाने चालणारी माणसे निवडून, लेनापींची फार मोठी जमीन गिळली. आपल्याकडे रान तोडणाऱ्याच्या आधी त्या रानात गोंड होते. पुष्कळ गावांत शिवारातल्या देवाची पूजा गोंडानेच करायची अशी चाल होती, ती उगाच नव्हे. गाव बसवणाऱ्यालाही ठाऊक होते की या मातीची ओळख आपल्या आधी दुसऱ्याला होती. मालगुजाराची वंशावळ लिहिताना त्या पुजाऱ्याचे, कोतवालाचे, बांधावर माती टाकणाऱ्यांचे नाव मिळाले तर तेही त्याच पानावर लिहावे. जागा पुरते.

वेळ संपत आली, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. एक विनंती करतो. ज्यांच्या घरी पेटाऱ्यात मोडी कागद असतील त्यांनी ते उद्या सकाळी येथेच घेऊन यावेत. घडीवर फाटत असतील तर उलगडू नयेत, तसेच फडक्यात बांधून आणावेत. जेवढे वाचता येतील तेवढे आम्ही वाचून देऊ. आणि येताना घरातली सर्वांत वयस्कर आजी, तिला झेपत असेल तर, बरोबर आणावी. कागदात काय विचारायचे ते तिच्याकडूनच कळते.