हायस्कुलातले इंग्रजी आणि आपण
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे हायस्कुलात जातात. संध्याकाळी ती इंग्रजीचे पुस्तक उघडून बसतात. आणि आपण काय करतो? जरा लांबच बसतो. "ते इंग्रजी आहे बाबा, त्यात आपलं काय काम?" असं म्हणतो. मूल तिथेच अडून बसते. पुढे दहावीला त्याच विषयात त्याची गाडी रुतते.

मी आज तुम्हाला इंग्रजी शिकवणार नाही. एका तासात ते होणारही नाही. पण त्या पुस्तकात तुमच्या ओळखीचं बरंच काही आहे. तेवढं दाखवतो.

पुस्तक उघडा. वाक्य संपले की तिथे टिंब दिसेल. तो आपला पूर्णविराम. मध्येच शेपटीवाले टिंब दिसेल. तो आपला स्वल्पविराम. आकडीसारखी खूण दिसली तर तिथे कोणी काहीतरी विचारले आहे. या खुणा तुम्ही याच वर्गात शिकलात. इंग्रजीतही त्या त्याच आहेत.

त्या सारख्या का आहेत? कारण त्या आपण इंग्रजीकडूनच घेतल्या. आपल्या जुन्या पोथ्यांत ओवी संपली की उभा दंड येई, बाकी खुणा नसत. मोडी लिहिणारा तर आधी कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिला अक्षरे लटकवीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नव्हती. वाचणारा सरावाचा असे, म्हणून निभावे. पुढे छापखाने आले, शाळांची पुस्तके निघाली. तेव्हा १८५० च्या सुमारास मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजीतल्या खुणा मराठीत बसवल्या. त्या इतक्या रुळल्या की आज त्या परक्या वाटत नाहीत.

आता या खुणेची किंमत बघा. समजा, शहरातल्या मुलाने घरी चिठ्ठी धाडली. तिच्यात एकच ओळ आहे:

बैल विकू नका थांबू

वाचा बघू. "बैल विकू नका, थांबू." म्हणजे बैल राहिला. "बैल विकू, नका थांबू." म्हणजे बैल गेला. शब्द तेच, अक्षरे तीच. शेपटीवाले टिंब कुठे आहे, त्यावर दावणीचा बैल ठरला.

तरी एक सांगतो. असा घोटाळा मराठीत कमी होतो. इंग्रजीत फार होतो. याचे कारण नीट समजून घ्या. तुमच्या मुलाची खरी अडचण इथेच आहे.

आपण म्हणतो, "रामाने वाघ मारला." कोणी म्हणेल, "वाघ रामाने मारला." कोणी म्हणेल, "मारला वाघ रामाने!" कसंही म्हणा, मेला तो वाघच. रामाला चिकटलेला "ने" सगळे सांभाळतो. शब्द कुठेही नेऊन ठेवा, "ने" त्याच्याबरोबर जातो.

इंग्रजीत असा "ने" नाही. तिथे म्हणतात, "राम किल्ड द टायगर." किल्ड म्हणजे मारले. टायगर म्हणजे वाघ. आता राम आणि टायगर यांची जागा बदला. "द टायगर किल्ड राम." झाला ना घात! आता राम मेला आणि वाघ जिवंत राहिला. इंग्रजीत शब्दाची जागा ठरलेली. करणारा आधी, मग क्रिया, मग ज्याच्यावर क्रिया झाली तो. आपल्यात क्रिया शेवटी येते. मूल मनात मराठी वाक्य जुळवते आणि त्याच ओळीने इंग्रजी शब्द मांडते. शब्द बरोबर असतात, वाक्य चुकते. मास्तर लाल रेघ ओढतात आणि मुलाला वाटते, आपल्याला इंग्रजी येणारच नाही. अहो, त्याचे डोके चांगले आहे. फक्त शब्दांच्या जागा त्याला कोणी सांगितलेल्या नसतात.

शब्दाला प्रत्यय नाही, म्हणून जागेला महत्त्व. आणि जागेनेही भागले नाही की खुणेला महत्त्व. याची एक खरी गोष्ट सांगतो.

अमेरिकेत मेन नावाचे राज्य आहे. तिथला कायदा असा, की आठवड्यात चाळीस तासांपेक्षा जास्त काम केले तर जादा तासांना दीडपट मजुरी द्यायची. पण नाशवंत मालाच्या काही कामांना यातून सूट होती. कायद्यात त्या कामांची यादी होती. माल डब्यात भरणे, गोठवणे, सुकवणे, साठवणे वगैरे. यादीच्या शेवटी शब्द होते, "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन". पॅकिंग म्हणजे बांधणे, शिपमेंट म्हणजे माल पाठवणे, ऑर म्हणजे किंवा, डिस्ट्रिब्यूशन म्हणजे वाटप.

तिथल्या एका डेअरीच्या दूधगाड्या हाकणाऱ्या चालकांनी २०१४ साली दावा लावला. मालक म्हणाले, ही दोन कामे आहेत. एक, पाठवण्यासाठी बांधणे. दुसरे, वाटप. तुम्ही वाटप करता, तुम्हाला जादा मजुरी नाही. चालक म्हणाले, हे एकच काम आहे. माल बांधणे, मग तो पाठवण्यासाठी असो की वाटपासाठी. आम्ही बांधत नाही, गाडी चालवतो. सूट आम्हाला लागू नाही. "ऑर" च्या आधी एक स्वल्पविराम असता तर मालकांचे खरे ठरले असते. तो नव्हता. खालच्या कोर्टात चालक हरले. वरच्या कोर्टाने मार्च २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मजुरीचा कायदा संदिग्ध असेल तर तो कामगाराच्या हिताने वाचावा, असे कोर्टाने धरले. २०१८ साली पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधीच तिथल्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला होता. यादीतल्या प्रत्येक कामापुढे स्वल्पविराम काढून अर्धविराम घातला. एकदा पोळले, मग ताक फुंकून प्याले.

आता हेच मराठीत म्हणा. "पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी बांधणे." नाहीतर "पाठवण्यासाठी बांधणे किंवा वाटणे." भांडणच उरत नाही. आपला "साठी" न्यायनिवाडा करून मोकळा होतो.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे, मोठे आणि लहान. वाक्याचे पहिले अक्षर मोठे. माणसाचे नाव, गावाचे नाव, वार, महिना यांचेही पहिले अक्षर मोठे. आपल्यात ही भानगड नाही, म्हणून मुले विसरतात. गंमत म्हणजे "मी" हा शब्द तिथे नेहमी मोठ्या अक्षरात, आणि "तू" लहान!

दुसरे, आपण लिहितो, "पाऊस आला, आम्ही घरी पळालो." मराठीत चालते. इंग्रजीत दोन पुरी वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडत नाहीत. मध्ये "आणि" घालावा, नाहीतर पूर्णविराम द्यावा.

तिसरी खूण शब्दाच्या वर लटकते. "मुलाची पुस्तके" आणि "मुलांची पुस्तके" यांत आपण टिंबाने फरक करतो. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, "बॉइज बुक्स". फरक फक्त डोळ्याला दिसतो. लटकती खूण "स" च्या आधी असली तर मुलगा एक, नंतर असली तर अनेक.

आता घरी काय करायचे ते सांगतो. मुलाला धडा मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही पुस्तकावर नजर ठेवा. स्वल्पविरामाला तो थोडा थांबला पाहिजे, टिंबाला पुरता. रेल्वेसारखा धडधडत गेला तर समजा, त्याला वाक्य कुठे संपले ते कळलेले नाही. हे ओळखायला इंग्रजी यावे लागत नाही. बोट ठेवून विचारा, "इथं टिंब आहे, तू का नाही थांबलास?" मग विचारा, "या वाक्यात कोणी केलं? काय केलं? मराठीत सांग."

मोठी अक्षरे तुम्ही रोज पाहता. गाडीच्या नंबराच्या पाटीवरची एम आणि एच मोठीच आहेत. बाकीची मुलाकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला लावा.

उद्या वर्गाला येताना मुलाची इंग्रजीची वही आणा. कोरी नको, लिहिलेली. एकेका पानावरची टिंबे मोजू आणि प्रत्येक टिंबाच्या पुढचे अक्षर मोठे आहे का ते पाहू.