गोधडी काढा, सीट उचला
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं)



आज हप्त्यांच्या आधी दहा मिनिटं मी पिकअपच्या सीटवर बोलणार आहे. हसू नका. गटाची भाजीची गाडी आपल्या ज्या ताई चालवायच्या, त्यांनी महिनाभर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. लायसन्स आहे, हात बसलेला आहे. विचारलं तर म्हणाल्या, "बोनेटपुढचा रस्ताच दिसत नाही गं. गोधडीची घडी घेऊन बसते, तर ब्रेक मारला की घडीसकट पुढे सरकते." आता रोजंदारीवर ड्रायव्हर आहे, आणि भाजीत जे चार पैसे सुटायचे ते त्याच्या हजेरीत जातात. सीट उंच माणसाच्या मापाची, त्यात ताईंचा काय दोष?

गोधडी धोक्याचीच. ती सरकते, बेल्ट पोटावर चढतो. त्यापेक्षा सीटच उचलायची. बऱ्याच पिकअपमध्ये सीट चार बोल्टनी पत्र्याला धरलेली असते. त्या चार ठिकाणी सीटच्या पायाखाली लोखंडी ठोकळे घालायचे. लेथवाले त्याला स्पेसर म्हणतात. ज्या गाडीत सीट उलटून खालचं इंजिन बघावं लागतं, तिथे मात्र हा उपाय करू नका. सीटखाली एअरबॅगची वायर असेल, बहुतेक वेळा तिचं कनेक्टर पिवळं असतं, तर आपण हात न लावता सर्व्हिस सेंटरलाच न्यायचं.

आधी माप. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. सीटवर एक इंच जाडीची फळी ठेवून बसा. रस्ता दिसला? आता क्लच पूर्ण दाबा. इथेच खरी गोम आहे. सीट वर गेली की पायही वर जातो. सीट पुढे ओढूनही क्लच तळाला टेकत नसेल, तर ठोकळे घालू नका. दिसतं पण क्लच दबत नाही, ही गाडी आधीच्यापेक्षा वाईट.

जमलं, तर एक जुना बोल्ट काढून तो घेऊनच लेथवाल्याकडे जा. भरीव लोखंडी गोल बारमधून चार तुकडे कापायचे, उंची 25 मिलिमीटर, म्हणजे साधारण इंचभर. बोल्ट 10 मिलिमीटरचा असेल तर भोक 11 चं. दोन्ही तोंडं लेथवर सपाट करून घ्या आणि चारही तुकडे मापून एकसारखे आहेत का ते समोर बघा. एक जरी कमी-जास्त झाला तर सीटची पट्टी पिळते आणि सीट पुढे-मागे सरकताना अडते. कडा घासून रेडऑक्साईड मारा. (मी गेले तेव्हा दुकानदार माझ्याशी न बोलता मागे उभ्या भावाशीच बोलत होता. माप मी सांगितल्यावर वळला.)

पैसे वाचवायला वायसरची चळत, पाइपचा तुकडा, लाकूड, असलं काही चालणार नाही. एक इंचाच्या वर जाऊ नका. गोठ्यातला खुंटा आठवा. दावं बुडाशी बांधलं तर बैल ओढूनही खुंटा हलत नाही, तेच वर बांधलं की खुंटा कलतो. ठोकळा जितका उंच, तितका बोल्ट वाकायला सोपा. आणि पुष्कळ गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटलाच असतं. धडक बसली की सीटचा आणि बाईचा सगळा भार त्या चार बोल्टवर.

म्हणून बोल्ट नवे घ्यायचे, ठोकळ्याच्या उंचीइतकेच जास्त लांब. जुनाच बोल्ट लावला तर दोन-चार आट्यांवर लटकतो. फार लांब घेतला तर खाली एखाद्या वायरीला किंवा डिझेलच्या पाइपला लागू शकतो. आटे जुन्यासारखेच हवेत, पहिले काही फेरे हाताने गेले पाहिजेत. डोक्यावर 8.8 किंवा जुन्या बोल्टवर असेल त्यापेक्षा मोठा आकडा बघून घ्या. आकडा नसलेला बोल्ट घेऊ नका, दुकानदार कितीही "मजबूत आहे" म्हणाला तरी.

अजून एक. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये कलम 52 आहे, गाडीत मनाने बदल करण्यावर त्याचं बंधन आहे. आधी आरटीओत आणि विम्यावाल्याला विचारा, उत्तर लेखी घ्या, गटाच्या फाइलला लावा. तिथून नकार आला तर ठोकळे नाहीत, मग उंची कमी-जास्त होणारी सीट कंपनीकडून मिळते का ते विचारू.

बसवल्यावर मोकळ्या मैदानात चालवा, दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून बघा. आठवड्याने चारही बोल्टना पुन्हा पाना लावा.

लेथवाल्याकडे ताईंसोबत कोण येणार? हात वर करा. मंगळवारी बाजार आहे, तो सोडून. झालं, आता हप्त्यांची वही काढा.