गाठीवरचा उपकर आणि आपला प्रश्न
(कल्याण येथील सभेतील भाषण)



कल्याण-डोंबिवलीत ना कपाशी, ना ज्वारी. पण वऱ्हाड-खानदेशातून मुंबईला निघालेली कापसाची गाठ भुसावळ, इगतपुरी, कसारा करीत याच जंक्शनातून ठाण्याकडे जायची. त्या गाठीवर एके काळी देशातल्या कापूस संशोधनाचा खर्च चालत होता. हा हिशेब आज मांडायचा आहे.

१९२१ साली सरकारने इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी नेमली. १९२३ साली कायदा करून कापसावर उपकर बसवला. गाठ परदेशी जावो की इथल्या गिरणीत, उपकर ठरलेला. कागदावर तो व्यापारी आणि गिरणीवाले भरीत. पण व्यापारी खिशातून देतो काय? तो भावातून वजा करतो. म्हणजे भरणारे आपणच. त्या पैशातून १९२४ साली माटुंग्याची प्रयोगशाळा उभी राहिली, इंदूरची संस्था चालली. वाणांच्या, रोगांच्या योजनांनाही पैसा मिळाला. कमिटीवर उत्पादकांचेही प्रतिनिधी होते. पण ते आपण निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते.

पुढे कमिटी मोडली आणि १९६६ साली तिच्या संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेल्या. ही परिषद १९२९ सालची. तिचा पैसा मुख्यतः केंद्राच्या अंदाजपत्रकातून येतो. ती तो असा वाटते: नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या स्वतःच्या संस्था ती पूर्णपणे चालवते. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत अकोला, परभणी, राहुरीच्या विद्यापीठांना रुपयात बारा आणे परिषद देते, चार आणे राज्याने घालायचे. कृषी विज्ञान केंद्रांचा खर्चही तीच देते. शिक्षणासाठी विद्यापीठांना अनुदान आहे, आणि प्रवेश परीक्षा देऊन परराज्यातल्या कृषी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती आहे.

आता शेजारचे ठाणे पाहा. तिथे १९६३ साली लोकर संशोधन संस्था निघाली. अशा वस्त्रोद्योगाच्या संस्थांना सरकार अनुदान देते, गिरण्या सभासद होऊन वर्गणी भरतात आणि चालक मंडळावर उद्योगाची माणसे बसतात. गिरणीला अडचण आली की ती थेट संस्थेचा प्रश्न होते. आपण मात्र गाठीवर उपकर दिला, करही देतो, आणि प्रश्न दुसरेच ठरवतात.

याने काय फरक पडतो? मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ घ्या. सरकारी पैशातला सरळ वाण. कणसे निवडून घरचे बी ठेवता येते. रब्बीच्या कोरडवाहू रानात ती आजही उभी आहे. कपाशीत उलटे झाले. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, ती संकरित वाणांतून पसरली आणि दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात बीटीचेच प्लॉट खाल्ले. लवकर येणारा, घरचे बी ठेवता येणारा सरळ वाण कंपनी कशाला काढील? तिला एकदाच विकून परवडत नाही. ते काम सरकारी पैशाचेच आहे.

२०२३ साली दिल्लीने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा अंदाज सांगितला. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा होता. संशोधनात खाजगी पैसा येऊ नये असे मी म्हणत नाही. पण ज्याचा पैसा त्याचा प्रश्न, हे विसरू नका. सरकारी तिजोरीतला पैसा आपलाही आहे, म्हणून तिथे आपला प्रश्न गेलाच पाहिजे.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन कामे ठरवा. कृषी विज्ञान केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागार समितीवर शेतकऱ्यांच्या नावाने कोण बसतो ते विचारा, आणि त्याच्या हाती गावाचा प्रश्न लेखी द्या. २००५ च्या माहिती अधिकाराने विचारा की आपल्या जिल्ह्यात कोरडवाहू कापूस आणि ज्वारीच्या कोणत्या प्रयोगावर किती खर्च झाला. आणि बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलीला, मुलाला कृषीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला लावा. पुढे प्रयोगशाळेत प्रश्न ठरतील तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला कोरडवाहू रान पाहिलेले कोणीतरी बसलेले हवे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.