पोपटी पैठणी आणि चार शाया

अंबड, जालना, घनसावंगी, परतूर इथून आलेल्या छायाचित्रण, डीटीपी, फ्लेक्स आणि ऑफसेट व्यवसायातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मत्स्योदरी देवीच्या गावात, अंबडमध्ये, आपण मला अध्यक्षपदाचा मान दिलात, मी ऋणी आहे. बोलायला विषय पुष्कळ आहेत. दर आहेत, उधारी आहे, मोबाईलमुळे घटलेलं काम आहे. मी आज फक्त रंगाबद्दल बोलणार आहे. ‘स्क्रीनवर दिसला तसा छापून आला नाही’ ही तक्रार न ऐकलेला इथे कोणी नसेल. त्यावर आपलं उत्तरही ठरलेलं असतं, छपाईत उन्नीस-बीस होणारच. हे उत्तर आपण सोडावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फरक होतो हे खरं. पण तो कुठे आणि किती पडेल, याचा बराचसा अंदाज छापण्याआधी देता येतो.

पैठण इथून जवळ. आपल्याकडच्या लग्नात पैठणी असतेच, आणि तिचे पोपटी, राणी, मोरपंखी हे आपल्या धंद्यातले सर्वांत अवघड रंग. मॉनिटर लाल, हिरवा, निळा प्रकाश देतो. ऑफसेटचं यंत्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई कागदावर घालतं, आणि शाई प्रकाश शोषून घेते. रेशमाचा झळझळीत पोपटी त्या चार शायांच्या आवाक्यात येत नाही. अल्बम फोटोपेपरवर, साडीच्या दुकानाची जाहिरात ऑफसेटवर, बॅनर फ्लेक्सवर निघतो, आणि एकाच पैठणीचे तीन पोपटी होतात. फोटोशॉपला त्या कागदाचं आणि शाईचं प्रोफाईल देऊन ‘प्रूफ कलर्स’ चालू केलं, की तो पोपटी स्क्रीनवरच मलूल पडलेला दिसतो. ग्राहकाला हे मलूल रूप आधी दाखवा. वाद तिथेच निम्मा मिटतो.

मराठवाड्याला हा प्रश्न फार जुना आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारनं १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला धाडलं. त्यांच्या बहुतेक तैलचित्रांची १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत राख झाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत काम करू लागले. त्यांच्याही कित्येक नकला पुढे लंडनमध्येच जळाल्या. आपला हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी रंगीत छायाचित्रांच्या आधारानं अजिंठ्यावरचा ग्रंथ चार भागांत काढला, १९३० ते १९५५. हातानं केलेल्या नकलेत नक्कल करणाऱ्याची नजर उतरते, म्हणून याझदानींनी धरलेली वाट मला मोलाची वाटते. आणि त्या भिंतींवरचा लाजवर्दी निळा आजही सीएमवायकेत, म्हणजे त्या चार शायांत, नेला की जांभळट होऊ पाहतो. दीडशे वर्षांपूर्वीची अडचण आपल्या टेबलावर अजून तशीच आहे.

नजरेवर सोडायचं नाही, तर मग कशावर? मोजमापावर. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाच्या केशरीला भारतीय मानकात नुसतं नाव दिलेलं नाही, मोजमाप दिलं आहे : एक्स ०.५३८, वाय ०.३६०. रंग असा आकड्यांत मांडण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९३१ साली ठरली. आपलं प्रोफाईल याच पद्धतीवर उभं आहे. त्याचा सर्वांना चालणारा नमुना ठरवण्यासाठी आठ कंपन्या १९९३ साली एकत्र आल्या. या यंत्रावर, या कागदावर अमुक शाई टाकली तर मोजून कोणता रंग मिळतो, याचा तक्ता म्हणजे प्रोफाईल. प्रोफाईल नसलेली फाईल पुढे पाठवणं म्हणजे एकक न सांगता माप देणं.

आता रोजच्या चुका. ‘असाइन’ केल्यानं फाईलमधले आकडे तसेच राहतात आणि दिसणं बदलतं. ‘कन्व्हर्ट’नं आकडे बदलतात आणि दिसणं शक्य तितकं राखलं जातं. या दोहोंच्या गोंधळात किती अल्बम बिघडले असतील! प्रिंट काढताना रंगाचा कारभार फोटोशॉपकडे दिला असेल तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधला बंद करा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होते. अल्बम काळपट आला की आपण लॅबला बोल लावतो. बहुतेकदा मॉनिटरच फार उजळ ठेवलेला असतो. तो उपकरणानं कॅलिब्रेट करून चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास आणा. पत्रिकेतला काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शायांत गेला आणि प्लेट जरा सरकली, की शिरोरेषेला रंगीत कड येते. आणि प्रूफ दुकानातल्या निळसर ट्यूबखाली पास करू नका. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. छपाई तपासायला ५००० केल्विनचा उजेड ठरलेला आहे.

एक गोष्ट मला फार लागते. नवरीचा चेहरा न विचारता गोरा करण्याची सवय आपल्यात मुरली आहे. सावळी मुलगी अल्बममध्ये पिठूळ दिसते, हळदीचा रंग उडतो, आणि आपण त्याला फिनिशिंग म्हणतो. त्या घराला आपलं माणूस आहे तसं हवं असतं. रंगाचा अचूकपणा कातडीपाशी थांबवायचा आपल्याला अधिकार नाही.

माझी सूचना अशी आहे. आपण सर्वांसाठी एकच चाचणीपत्रक करू. त्यात इथल्या बारवेचा काळा पाषाण असेल, कारण करड्या छटेत रंगाची चूक सर्वांत आधी उघडी पडते. मोसंबी, हळद, पैठणीचा पदर आणि सावळ्यापासून गोऱ्यापर्यंतचे चेहरे असतील, त्या माणसांच्या परवानगीनं. ते प्रत्येकानं आपापल्या लॅबमधून आणि यंत्रावरून काढावं, त्यावर कागद, शाई आणि प्रोफाईल लिहावं, आणि काउंटरवर ग्राहकाला दिसेल असं लावावं. फाईल तयार करण्याचं काम मी घेतो. दुपारच्या सत्रात हा ठराव चर्चेला यावा.