मुखपृष्ठ कोणासाठी असतं?



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, सीमाभागातल्या मराठीवर मोठमोठी माणसं बोलून गेली आहेत. माझ्यासारख्या होमिओपॅथीच्या डॉक्टरनं संगीताच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर बोलावं हे थोडं विचित्र आहे. मी गाणं शिकलेलो नाही. चित्रकला शाळेतच सुटली. तरीही विषय मीच मागून घेतला. त्याला एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगतो.

२००३ साल. आमचा मुलगा अकरावीत होता. एक दिवस त्याच्या गादीखाली मला एक मासिक सापडलं. मुखपृष्ठ काळं. त्यावर लांब केसांची, काळे टी-शर्ट घातलेली, रागानं बघणारी चार पोरं. नाव ‘रॉक स्ट्रीट जर्नल’. मी ते उघडलं नाही. मुलगा वाईट संगतीला लागला असं मनाशी धरलं, मासिक रद्दीवाल्याच्या तराजूत टाकलं आणि संध्याकाळी त्याला नको तेवढं बोललो. त्यानंतर बरेच महिने आमचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘फी भरली का’ एवढ्यावरच चालायचं.

आता तो पुण्यात नोकरी करतो, त्यालाही मुलगी आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आला असताना तो विषय निघाला. तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, ते मुखपृष्ठ तुमच्यासाठी नव्हतंच. माझ्यासाठी होतं. आणि तुम्ही आत उघडून बघितलंसुद्धा नाहीत.”

ते वाक्य मला लागलं. कारण दवाखान्यात मी नेमकं उलट वागतो. तापाचे दोन रोगी आले तर दोघांना डोळे झाकून एक औषध देत नाही. एकाला पांघरूण हवं असतं, दुसऱ्याला वारा. एकाला तहान असते, दुसऱ्याला पाणी नको असतं. तासभर विचारपूस केल्याशिवाय मी पुडी बांधत नाही. पोटच्या पोराचं निदान मात्र मी एका मुखपृष्ठावरून करून टाकलं.

तेव्हापासून मी ही मुखपृष्ठं बघू लागलो. मुलानं काही अंक पाठवले, काही पुस्तकं वाचली. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे परदेशी नव्हतंच. ते १९९३ मध्ये अलाहाबादेत अमित सैगल यांनी सुरू केलं होतं आणि आपल्याच देशातल्या गावोगावच्या रॉक वाजवणाऱ्या मुलांविषयी त्यात लिहिलेलं असे. ज्या पोरांना मी परके समजलो, ती कदाचित आपल्यासारख्याच कुठल्यातरी मध्यम गावातली होती.

मुखपृष्ठाचं काम काय, हे कळायला आधी दुकान डोळ्यांपुढे आणा. परदेशातल्या दुकानांत मासिकं फळीवर एकावर एक सरकवून ठेवतात. पुष्कळदा वरची पट्टी आणि डावीकडची कड एवढीच दिसते. म्हणून मासिकाचं नाव माथ्यावर असतं आणि महत्त्वाचे मथळे पुष्कळदा डावीकडे असतात. मधला चेहरा बहुधा थेट आपल्याकडे बघत असतो. गर्दीत कोणी आपल्याकडे रोखून बघितलं की आपण थबकतो, तसंच गिऱ्हाईक थबकतं. नाव सर्वांच्या ओळखीचं झालं की संपादक धीट होतो आणि गायकाचं डोकं नावातल्या एखाददुसऱ्या अक्षरावर येऊ देतो. अर्धं झाकलं तरी वाचक ओळखणार याची त्याला खात्री असते.

ही झाली सर्वांची रीत. खरा फरक पुढे आहे. इंग्लंडमधली तीन मासिकं घेऊ. ‘ग्रामोफोन’ १९२३ साली कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकारानं काढलं. ते शास्त्रीय पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांसाठी. १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ आलं, ते शाळकरी मुलामुलींसाठी. त्यात गाजलेल्या गाण्यांचे शब्द छापलेले असत आणि मुखपृष्ठ जत्रेतल्या दुकानासारखं रंगीत, हसऱ्या चेहऱ्यांचं. १९८१ च्या जूनमध्ये ‘केरँग!’ निघालं. हे नाव म्हणजे विजेच्या गिटारवर जोरानं हात मारल्यावर येणारा आवाज. नावाची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी. पहिल्या अंकावर एसी/डीसी या बँडचा गिटारवादक अँगस यंग.

तिन्ही संगीताचीच मासिकं. पण ‘ग्रामोफोन’च्या वाचकाला तडकलेली काच दाखवली तर तो चष्मा पुसून पुढे जाईल. ‘केरँग!’च्या वाचकाला हसरा गुलाबी चेहरा दाखवला तर त्याला आपला अपमान झाला असं वाटेल. सोळा वर्षांच्या ज्या मुलाला घरात, वर्गात कुठेच आपली जागा सापडत नाही, त्याला ती फुटकी अक्षरं सांगतात, ‘तू एकटा नाहीस, तुझ्यासारखे आणखी आहेत.’ माझ्या घरात गादीखाली हेच दडलेलं होतं. मला त्यात राग दिसला. त्याला त्यात सोबत दिसत होती.

आणखी एक गोष्ट कळली. वाचक वयानं वाढतो, तसं मुखपृष्ठही बदलतं. यासाठी एकाच माणसाचा चेहरा तीन वेळा बघू. तो माणूस म्हणजे बीटल्समधला जॉन लेनन.

पहिली वेळ १९६७. यान वेनर या एकवीस वर्षांच्या तरुणानं आणि राल्फ ग्लीसन या जाणत्या समीक्षकानं सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ काढलं. पहिल्या अंकावर ९ नोव्हेंबर १९६७ ही तारीख आहे. वर्तमानपत्राचा कागद, किंमत पंचवीस सेंट. मुखपृष्ठावर लेनन, पण गिटार घेतलेला नाही. एका युद्धविरोधी विनोदी चित्रपटात त्यानं सैनिकाचं काम केलं होतं, त्यातला फोटो. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर गोल चष्मा. त्या वर्षी अमेरिकेतल्या तरुणांना सक्तीनं व्हिएतनामच्या युद्धावर पाठवत होते. ज्याच्या घरी कुठल्याही दिवशी बोलावणं येऊ शकत होतं, त्या मुलाला हा फोटो काय सांगत असेल याचा विचार करा. गाण्याचं मासिक त्याच्या भीतीबद्दल बोलत होतं.

दुसरी वेळ १९८१. ८ डिसेंबर १९८० रोजी अ‍ॅनी लीबोविट्झ यांनी लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचा फोटो काढला. त्याच रात्री लेननचा खून झाला. २२ जानेवारी १९८१ च्या अंकावर तो फोटो आला. योको पूर्ण कपड्यांत, आणि तिला बिलगून लेनन विवस्त्र, आईच्या पोटातल्या बाळासारखा अंग मुडपून. मासिकाचं नाव तेवढं ठेवलं, बातमीचा एकही मथळा नाही. मी दिगंबर मूर्तींसमोर लहानाचा मोठा झालो आहे. नग्नता म्हटली की वासनाच, असं मला कधी वाटलं नाही. बाहुबलींच्या नग्नतेत सगळं सोडून दिल्याची शांती आहे. या फोटोत ती शांती नाही, इथे निराधार माणसानं धरलेला आधार आहे. शोकात असलेल्या वाचकाला काही विकायचं नसतं, त्याच्याजवळ नुसतं बसायचं असतं, हे त्या संपादकांना कळलं. अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संघटनेनं २००५ मध्ये गेल्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली.

तिसरी वेळ १९९३. इंग्लंडमध्ये ‘मोजो’ निघालं. पहिल्या अंकावर बॉब डिलन आणि जॉन लेनन. लेननला जाऊन तोवर तेरा वर्षं होत आली होती. मग तो नव्या मासिकावर कसा? कारण १९६७ मधला वीस वर्षांचा मुलगा आता पंचेचाळिशीला टेकला होता. हाताशी पैसे होते आणि तरुणपणाची गाणी पुन्हा ऐकावीशी वाटत होती. चेहरा तोच, पण पहिल्यांदा तो भीतीशी बोलला, दुसऱ्यांदा दुःखाशी आणि तिसऱ्यांदा आठवणीशी. फोटो गायकाचा असला तरी संपादकाची नजर सारा वेळ वाचकावर असते.

या ताकदीला दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. ‘रोलिंग स्टोन’नं त्यातल्या एका तरुण आरोपीचा, त्यानं स्वतःच काढलेला फोटो १ ऑगस्टच्या अंकावर छापला. आतला लेख गंभीर होता. पण लोक संतापले, काही मोठ्या दुकानांनी अंक विकायला नकार दिला. गंमत अशी की तोच फोटो मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येऊन गेला होता, तेव्हा असं काही झालं नव्हतं. वर्तमानपत्राच्या पानावर तो आरोपी होता. जिथे वर्षानुवर्षं लाडके गायक झळकले, त्या चौकटीत तोच चेहरा नायकासारखा दिसू लागला. वस्तू एक, पण बघण्याच्या जागा अनेक. आम्ही अनेकान्त म्हणतो तो हाच.

आता हे सारं आपल्या दारात आणतो.

आपल्या मराठी घरांना मुखपृष्ठाची भाषा नवी नाही. मूळचे मडगावचे दीनानाथ दलाल यांनी ‘दीपावली’ची मुखपृष्ठं रंगवली. कितीतरी घरांत दिवाळी अंक आधी चित्रासाठी हातात घेतला जाई आणि मग वाचला जाई. आमच्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत. दुपारचं काम उरकलं की ती आधी मुखपृष्ठ निरखायची, लुगड्याच्या काठाचा रंग बघायची आणि मग एकेक अक्षर लावत कथा वाचायची. मराठी वाचनाची गोडी तिला मुखपृष्ठानं लावली.

आणि आपल्या संस्थेचा वार्षिक अंक? मी तीस वर्षांचे अंक काढून बघितले. वीणा, समई, टाक-दौत, पुन्हा वीणा. मला ती चित्रं आवडतात. आवडणारच, कारण ती माझ्यासाठीच काढलेली आहेत. गेल्या सभेत आपण सगळ्यांनी एकच दुखणं मांडलं, की तरुण मुलं इकडे फिरकत नाहीत. मी वैद्याच्या नात्यानं विचारतो, रोग्याला आपण काही विचारलं का? इथली मुलं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. मराठी त्यांच्या कानावर असते, डोळ्यांपुढे क्वचित येते. आपला अंक त्यांच्या घरी टीपॉयवर पडलेला असतो. वरची समई त्यांना सांगते, ‘हे आजोबांचं आहे.’ ती खरंच बोलते.

कोणी म्हणेल, डॉक्टर, म्हणजे आता भडक चित्रं छापायची का? नाही. भडकपणा कोणालाही ओळखत नाही. ‘केरँग!’ची नक्कल केली तर मुलं हसतील आणि आपणही लाजू. माझी मागणी लहान आहे. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ विशीच्या आतल्या दोघा-तिघांना करू द्या. त्यांनी केलेलं आपल्याला आवडलं नाही तरी छापा. आणि ते समजलं नाही तर माझ्यासारखं रद्दीत टाकू नका, त्यांना शेजारी बसवून विचारा. आतली पानं आपलीच असतील. संतवाङ्मयही असेल, माझा हा लेखही असेल. पण दारात त्यांच्या ओळखीचं कोणी उभं असेल.

त्या जुन्या अंकाचा मी शोध घेतला. रद्दीची दोन दुकानं पालथी घातली, मिळाला नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, “असू दे हो अण्णा, मला ते मुखपृष्ठ पाठ आहे.” मग त्यातल्या पोरांबद्दल तो मला सांगत राहिला. कोण कुठला, कोण काय वाजवायचा. अर्धा तास झाला तरी बोलणं संपलं नव्हतं.