पॅन माझं, तर हिशेबही माझाच

(जून २०२५ मध्ये शिरपूर येथे झालेल्या प्रभागसंघाच्या सभेत आपल्या लेखापाल ताईंनी केलेलं भाषण. ज्या भगिनींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय आयकर आहे असं जाहीर झालं, तेव्हा मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "ते मना पोऱ्याले माहीत शे, माले काय समजस त्यामा!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण मावशी, आज मी तुमच्या त्याच वाक्यावर बोलणार आहे. कारण पॅनकार्ड पोऱ्याच्या नावाचं नाही, तुमच्या नावाचं आहे.

आधी माझीच फजिती सांगते. वडील गेल्यावर भावांनी माझा वाटा म्हणून मला सहा लाख रुपये दिले. मी ते बँकेत एफडीत ठेवले. टीडीएस कापू नये म्हणून १५-जी फॉर्मही भरून दिला. मे २०२४ मध्ये पासबुक भरून आणलं, तर वर्षाच्या ४२,००० रुपये व्याजातून ८,४०० रुपये कापलेले. बँकेत विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमचं पॅन बंद आहे." झालं असं होतं, की पॅनवर माझं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. त्यामुळे दोन्ही जोडलेच गेले नव्हते. जोडणी नसलेली पॅनकार्डं १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. पॅन निष्क्रिय असलं की १५-जी चालत नाही आणि टीडीएस १० टक्क्यांऐवजी २० टक्के कापतात. मी दुसऱ्यांचे हिशेब लिहिणारी बाई, आणि माझंच कार्ड दोन वर्षं डब्यात पडून होतं!

मग पॅनवरचं नाव दुरुस्त केलं, १,००० रुपये दंड भरून आधार जोडलं, जुलैअखेर रिटर्न भरलं. पैसे परत आले. पण त्यासाठी तीन महिने हेलपाटे मारले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून, गेल्या वर्षभरात तुम्हीच मला विचारलेले प्रश्न एकेक करून घेते.

"टीव्हीवर सांगितलं, बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही. मग रिटर्न कशाला?"

यात दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली, बारा लाखांचा नियम १ एप्रिल २०२५ नंतरच्या कमाईला आहे. आत्ता आपण जे रिटर्न भरणार आहोत ते मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचं आहे. त्या वर्षाला नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत कर शून्य होतो.

दुसरी, कर शून्य असणं आणि रिटर्न भरायची गरज नसणं, हे एक नाही. या वर्षासाठी नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न तीन लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावंच लागतं, मग कर शून्य का येईना. पुढच्या वर्षी ही मर्यादा चार लाख होईल. उत्पन्न त्याहून कमी असलं तरी काही वेळा रिटर्न लागतं, जसं की: वर्षात तुमचा टीडीएस २५,००० किंवा जास्त कापला असेल तर (साठी ओलांडलेल्यांना ५०,०००), किंवा धंद्याची विक्री साठ लाखांच्या वर असेल तर. आणि कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रक्कम कितीही छोटी असो, रिटर्नशिवाय तो मिळत नाही.

यंदा मुदत वाढवून १५ सप्टेंबर २०२५ केली आहे. चुकलात तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि त्यावर असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क. ज्यांना मुळात रिटर्न भरणं बंधनकारकच नाही, त्यांना हे शुल्क नाही.

"फोनपेवर वर्षात सहा लाख आले. आता नोटीस येईल का?"

हा प्रश्न पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ताईने विचारला. लक्षात ठेवा, विक्री म्हणजे उत्पन्न नाही. उडीद, मिरची, तेल, पॅकिंग, गाडीभाडं जाऊन जे उरलं ते उत्पन्न.

छोट्या धंद्यासाठी कायद्यात सोपी वाट आहे. विक्री दोन कोटींच्या आत असेल तर रोख विक्रीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. समजा चार लाख रोख आणि दोन लाख फोनपेवर आले. चार लाखांचे ८ टक्के ३२,०००, दोन लाखांचे ६ टक्के १२,०००. झाले ४४,०००. म्हणजे ऑनलाइन पैसे घेतले म्हणून नुकसान नाही, उलट टक्का कमी धरतात. मात्र नफा खरोखर जास्त झाला असेल तर तो खराच दाखवायचा. ८ टक्के ही खालची पायरी आहे.

बँक सखी ताईंनो, तुम्हाला मिळतं ते कमिशन. ही टक्क्यांची सोपी वाट कमिशनला चालत नाही. म्हणून पेट्रोल, रिचार्ज, कागद, दुकानाचं भाडं, सगळा खर्च तारखेनिशी लिहून ठेवा. कमिशनवर टीडीएस कापला असेल तर तोही पाहा, परत मिळू शकतो.

"आमचं शेतीचं उत्पन्न, त्याला कुठे टॅक्स?"

खरं आहे, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. कापूस, केळी, मिरची शेतात पिकवून विकली, ती शेती. पण दूध डेअरीला घातलं, शेळ्या-कोंबड्या विकल्या, तर तो धंदा. शेतातली मिरची कुटून पाकिटात भरून मसाला म्हणून विकला, तर त्यातलाही बराच भाग धंद्यात येतो.

आणखी एक. सातबारा कोणाच्या नावावर आहे? जमीन घरधन्याच्या नावावर असेल तर कपाशीचा पैसा त्यांचं उत्पन्न, तुमचं नाही. तो पैसा सोयीसाठी तुमच्या खात्यात येत असेल तर तशी नोंद आणि विक्रीच्या पावत्या जपून ठेवा. विचारणा तुम्हाला होईल. आणि शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर दाखवायचं असेल तर रिटर्नचे 'सहज' आणि 'सुगम' हे सोपे फॉर्म चालत नाहीत, दुसरा फॉर्म लागतो. भरून देणाऱ्याला हे आधी सांगा.

आपल्या पावरा भगिनींमध्ये एक समज आहे, की आदिवासींना आयकरच नाही. ती सूट ईशान्येकडची राज्यं आणि लडाख अशा ठरावीक भागांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींना आहे. धुळे जिल्ह्याला नाही.

"पोस्टातल्या, बँकेतल्या पैशाचं काय?"

सुकन्या समृद्धी आणि पीपीएफचं व्याज करमुक्त. एफडी आणि आरडीचं व्याज उत्पन्नात धरायचं. महिला सन्मान बचत पत्राचंही धरायचं. एप्रिल २०२३ मध्ये ज्यांनी दोन लाख ठेवले, त्यांना यंदा एप्रिलमध्ये २,३२,०४४ रुपये मिळाले. त्यातले ३२,०४४ हे व्याज, ते उत्पन्न. घाबरू नका, एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर कर शून्यच राहतो.

या एप्रिलपासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं तरच टीडीएस कापतात. साठी ओलांडलेल्या आजींना ही मर्यादा एक लाख. त्याच्या वर जात असेल आणि तुम्हाला कर लागणारच नसेल, तर साठीच्या आतल्यांनी १५-जी, साठीच्या पुढच्यांनी १५-एच भरा. दर वर्षी भरायचा, प्रत्येक बँकेत वेगळा. अजून भरला नसेल तर या आठवड्यात भरा. मात्र १५-जी म्हणजे आपण सहीनिशी दिलेला शब्द आहे. उत्पन्न करपात्र असताना सही करू नका.

घरधन्याने स्वतःचे पैसे तुमच्या नावावर ठेवले असतील तर त्याचं व्याज कायद्याने त्यांच्याच उत्पन्नात मिळवतात. तुमच्या कष्टाच्या पैशाचं व्याज मात्र तुमचं.

"पोराने माझ्या नावावर डिमॅट काढलं आहे."

आता मूळ मुद्द्यावर येते. म्युच्युअल फंडात महिन्याला पाचशे-हजारांची एसआयपी असेल तर काळजीचं कारण नाही. शेअरच्या फंडात वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही. पण काही पोरं आईच्या नावावर फ्युचर-ऑप्शनचे सौदे करतात. तो कायद्याने धंदा आहे, आणि कागदावर तो धंदा आईचा आहे. तोटा झाला तरी तो रिटर्नमध्ये दाखवायला लागतो. मोबाईल नंबर पोराचा, ईमेल पोराचा, नोटीस येते ती त्याच्या फोनवर, आणि आईला पत्ताच नसतो.

तीच गोष्ट गटाची. काही गटांत खात्याला किंवा गटाच्या एफडीला अध्यक्षांचा नाहीतर सचिवांचा स्वतःचा पॅन लावलेला आहे. मग दहा बायांच्या बचतीचं व्याज त्या एकीच्या नावावर दिसतं. उद्या पद बदललं तरी पॅन तिचाच राहतो. पुढच्या बैठकीत हे तपासा, आणि बँकेत जाऊन गटाच्या नावाच्या पॅनची व्यवस्था करा.

तुमच्या पॅनवर काय काय चालू आहे, ते पाहायची सोय आहे. आयकराच्या सरकारी पोर्टलवर एआयएस नावाचा कागद निघतो. व्याज, टीडीएस, शेअर, फंड, मोठ्या रोख रकमा, सगळं त्यात दिसतं. चुकीचं दिसलं तर तिथेच "ही माहिती माझी नाही" असं कळवता येतं. याला पैसे लागत नाहीत.

"रिटर्न भरलं तर लाडकी बहीणचा हप्ता बंद होईल?"

सगळ्यात जास्त भीती याचीच. अट काय आहे ते नीट वाचा. कुटुंबात कोणी आयकरदाता नसावा आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं. टीडीएस परत घेण्यासाठी शून्य कराचं रिटर्न भरणं आणि आयकर भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता जाईल म्हणून हक्काचे हजारो रुपये सोडून देऊ नका.

पण दुसरी बाजूही सांगते. मोठं कर्ज मागायला गेलं की बँक बहुधा दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. मग कोणी तरी सांगतं, "ताई, उत्पन्न साडेचार लाख दाखवू, कर्ज लगेच होईल." इकडे साडेचार लाख आणि योजनेच्या अर्जात दोन लाख, दोन्ही कागदांवर सही एकाच बाईची. विचारलं तर उत्तर काय देणार? खरं उत्पन्न जेवढं असेल तेवढंच दोन्हीकडे लिहा. गटाचं कर्ज हे उत्पन्न नाही, ते उत्पन्नात धरू नका. तसंच "जास्त रिफंड काढून देतो" म्हणत खोट्या वजावटी लावणाऱ्यापासून लांब राहा. तो कमिशन घेऊन जातो, व्याजासकट परतफेड आपल्यालाच करावी लागते.

जीएसटीचं थोडक्यात

जीएसटी वेगळा, आयकर वेगळा. फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाच्या चाळीस लाख विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पापडावर तर जीएसटीच नाही. पण मसाल्यावर आहे, आणि आपण सीमेवरची माणसं. पळासनेर ओलांडून सेंधव्याच्या दुकानदाराला मसाला पुरवलात, तर ती दुसऱ्या राज्यातली विक्री. त्याला विक्री कितीही कमी असो, नोंदणी लागते. तिकडची ऑर्डर घेण्याआधी विचारून घ्या.

जाता जाता

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. गटाच्या वहीत दहा रुपयांचा दंडसुद्धा आपण लिहितो. तो लिहिणारा हात स्वतःच्या कमाईचा हिशेब लिहू शकत नाही, हे मला पटत नाही.

म्हणून या आठवड्यात घरी जाऊन एवढं करा. पॅनकार्ड डब्यातून बाहेर काढा. आधारवरचं आणि त्यावरचं नाव एकच आहे का, ते पाहा. दोन्ही जोडलेली आहेत का, तपासा. पोर्टलवर मोबाईल नंबर कोणाचा आहे ते विचारा, दुसऱ्याचा असेल तर स्वतःचा घाला. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. रिटर्न कोणाकडूनही भरून घ्या, पण भरण्याआधी आकडे वाचून घ्या, भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा आणि पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवा. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलं नाही असंच धरतात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला पॅन, आधार आणि पासबुक घेऊन या. ज्यांना जमत नाही, त्यांचा एआयएस आपण सगळ्या मिळून उघडू. आणि मावशी, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. पोऱ्यालाही घेऊन या, पण फोन तुमच्या हातात हवा.